समान अक्षरांचे लांब इंग्रजी शब्द: गट बांधण्याची, शब्द कापण्याची आणि अर्थ पडताळण्याची पद्धत

लांब इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्यासाठी सारखी अक्षरे असलेले शब्द एकाखाली एक लिहून काढण्याची पद्धत पुष्कळ जण वापरतात आणि ती मुळात चांगली आहे. घोटाळा होतो तो क्रमात. चार शब्दांत तीच चार अक्षरे दिसली की पहिल्या शब्दाचा अर्थ उरलेल्या तिघांना चिकटवला जातो, तो तसाच वहीत उतरतो आणि एकदा वहीत उतरलेले सहसा कोणी पुन्हा तपासत नाही. वास्तविक अक्षरांचे साम्य हा केवळ संशय असतो. शब्द योग्य जागी कापून, तुकड्यांचे मूळ पाहून आणि आजचा वापर पडताळूनच तो संशय खरा की खोटा हे ठरते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत. तिसरा आणि पाचवा टप्पा वेळखाऊ आहे, पण सर्वाधिक चुका हे दोन टप्पे गाळल्यामुळेच होतात.

या लेखात इंग्रजी अक्षरे त्यांच्या नावांनी आणि जोडरेघ देऊन लिहिली आहेत, उदाहरणार्थ, पी-टी-ई-आर. वाचताना ती इंग्रजी लिपीत कागदावर उतरवून घ्यावीत, म्हणजे शब्दाचा आकार डोळ्यांसमोर राहील.

## तयारी

पहिली गरज व्युत्पत्ती देणाऱ्या इंग्रजी कोशाची. केवळ अर्थ देणारा छोटा कोश या कामाला पुरत नाही, कारण दोन शब्दांतील सारखी अक्षरे एकाच मुळातून आली की योगायोगाने, हे त्यातून कळत नाही. कोश छापील असो वा ऑनलाइन, नोंदीत लॅटिन, ग्रीक किंवा फ्रेंच मूळ दिलेले आहे एवढे पाहावे.

दुसरी गरज वहीची. प्रत्येक अक्षरगटाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर पाच रकाने आखावेत: शब्द, कापलेले तुकडे, शब्दशः अर्थ, आजचा अर्थ आणि एक वाक्य. उजवे पान गटात चुकून शिरलेल्या शब्दांसाठी मोकळे ठेवावे. हे मोकळे पान अनेकांना अनावश्यक वाटते. माझ्या अनुभवात शिकायला सर्वांत जास्त तिथेच मिळते.

तिसरी गोष्ट कान बाजूला ठेवण्याची. आपण इंग्रजी शब्द मनातल्या मनात देवनागरीत ऐकतो आणि देवनागरी उच्चार पकडते, इंग्रजी वर्णलेखन नव्हे. आपला एक 'फ' इंग्रजीत कधी एफ असतो तर कधी पी-एच. आपला एक 'क' सी, के, सी-एच किंवा क्यू असू शकतो. सायकॉलॉजी आणि न्यूमोनिया या दोन्ही शब्दांच्या आरंभी पी आहे, पण तो उच्चारातच येत नाही. कानाने गट बांधला तर असे शब्द गटाबाहेर राहतात.

इशारा: शब्द वहीत देवनागरीत लिहून त्यावरून गट बांधू नये. देवनागरी उच्चारासाठी बाजूला लिहावी, गट मात्र इंग्रजी अक्षरांवरूनच बांधावा.

## टप्पा 1: अक्षरगट निवडणे

गटासाठी निदान चार सलग अक्षरे घ्यावीत. तीन अक्षरांचा गट चालतो, पण त्यात घुसखोर फार. दोन अक्षरांचा गट निरुपयोगी असतो. आय-एन ही दोन अक्षरे तर जवळजवळ कोणत्याही पानावर डझनांनी सापडतील.

पहिला गट शक्यतो स्वच्छ असावा, म्हणजे पद्धत हातात बसते. त्यासाठी ए-एन-टी-एच-आर-ओ-पी हा सात अक्षरांचा गट उत्तम आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ माणूस असा आहे आणि इतकी लांब अक्षरमाला योगायोगाने दुसऱ्या मुळातून येण्याची शक्यता फारच कमी. या गटातले काही शब्द असे:

- फिलॅन्थ्रॉपी: शब्दशः मानवप्रेम, आज लोकोपकार, विशेषतः पैसा देऊन केलेला.
- मिसॅन्थ्रॉपी: मनुष्यजातीचा तिटकारा.
- अँथ्रॉपॉलॉजी: मानवशास्त्र.
- अँथ्रोपोसेंट्रिक: माणसाला केंद्रस्थानी मानणारे.
- अँथ्रोपोजेनिक: मानवी कृतीतून निर्माण झालेले, प्रदूषण आणि हवामानबदलाच्या संदर्भात हा शब्द वारंवार येतो.
- अँथ्रोपोमॉर्फिझम: प्राणी, देव किंवा वस्तू यांना माणसाचे रूप व स्वभाव देणे. हा 16 अक्षरांचा शब्द आहे, पण तुकडे तीनच: माणूस, रूप आणि भाववाचक प्रत्यय.

तपासणी: गटातील पहिल्या पाच शब्दांच्या अर्थांत एक समान धागा दिसतो का? दिसत नसेल तर गट एका अक्षराने वाढवावा किंवा सोडून द्यावा.

## टप्पा 2: शब्द गोळा करणे

ऑनलाइन कोशांपैकी काहींमध्ये खुणा वापरून शोध घेता येतो. तारांकन म्हणजे कितीही अक्षरे आणि प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक अक्षर, असा त्यातला सामान्य संकेत आहे. अक्षरगटाच्या दोन्ही बाजूंना तारांकन दिले की तो गट आरंभी, मध्ये किंवा शेवटी असलेले सर्व शब्द समोर येतात. छापील कोशात मात्र आरंभीची अक्षरेच शोधता येतात, त्यामुळे केवळ छापील कोशावर बांधलेला गट अपुरा राहतो.

मिळालेल्या यादीतून अनेकवचने, भूतकाळाची रूपे आणि एकाच शब्दाची नाम-विशेषण-क्रियाविशेषण अशी भावंडे काढून टाकावीत. प्रत्येक कुटुंबातला एकच शब्द ठेवावा. बारा ते पंधरा शब्द पुरतात. शंभर शब्दांची यादी डोळ्यांना समाधान देते, पण ती कोणी पुन्हा उघडत नाही.

## टप्पा 3: शब्द शेवटाकडून कापणे

शब्द सुरुवातीकडून कापणे ही सर्वांत रुळलेली चूक आहे. डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि ओळखीचे पहिले अक्षरसमूह दिसताच तिथे रेघ मारतो. त्याऐवजी पुढील क्रम ठेवावा: आधी शेवटचा प्रत्यय, मग आरंभीचा उपसर्ग, मग जोडस्वर, आणि जे उरेल ते मूळ.

19 अक्षरांचा इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी हा शब्द घेऊ. शेवटचे आय-टी-वाय हे 'पणा' किंवा 'ता' दाखवणारे आहे, तेव्हा शब्द भाववाचक नाम ठरला. त्याआधीचे आय-बी-आय-एल हे 'करता येण्याजोगे' या प्रत्ययाचे बदललेले रूप. आता आरंभी यावे: आय-एन म्हणजे नकार, त्यानंतर सी-ओ-एम म्हणजे एकत्र किंवा पूर्णपणे. उरले पी-आर-ई-एच-ई-एन-एस, म्हणजे लॅटिनमध्ये पकडणे. सारे मिळून 'पुरते पकडीत न येण्याचा गुण', अर्थात अनाकलनीयता. माकडाच्या काही जातींच्या पकड घेणाऱ्या शेपटीला प्रिहेन्साइल म्हणतात, तिथेही हेच मूळ आहे. आपणही एखादा विषय 'ग्रहण' करतो तेव्हा हाताची क्रिया बुद्धीला लावतो, त्यामुळे हा अर्थ मराठी वाचकाला परका वाटू नये.

### जोडस्वराकडे लक्ष

दोन मुळे जोडताना ग्रीक शब्दांत बहुधा ओ आणि लॅटिन शब्दांत बहुधा आय हा स्वर मध्ये येतो. थर्मोमीटरमधला ओ आणि सेंटिपीडमधला आय असे आहेत. हा स्वर कोणत्याही मुळाचा अर्थ वाहून आणत नाही, म्हणून तो स्वतंत्र रेघांनी वेगळा दाखवावा. पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर जोडस्वर अनेकदा गळतो: गॅस्ट्रायटिसमध्ये जठर आणि दाह यांच्यामध्ये ओ नाही. गॅस्ट्रोएंटरायटिसमध्ये मात्र जठर आणि आतडे या दोन मुळांमध्ये तो टिकून आहे. या 15 अक्षरी शब्दातले ई-एन-टी-ई-आर पाहून 'आत येणे' असा अर्थ लावणारे मी पाहिले आहेत. इथे त्याचा अर्थ आतडे हाच आहे.

### एक शब्द जवळून

हेलिकॉप्टर हा शब्द कुठे कापावा? जवळजवळ प्रत्येक जण 'हेली' आणि 'कॉप्टर' असे दोन तुकडे करतो. खरी रेघ सी नंतर आहे: एच-ई-एल-आय-सी म्हणजे मळसूत्री वळण, मग जोडस्वर ओ, मग पी-टी-ई-आर म्हणजे पंख. फिरत्या मळसूत्रासारखा पंख असलेले यंत्र, असा हा शब्द 1861 मध्ये फ्रेंचमध्ये घडवला गेला. चुकीच्या जागी कापण्याची सवय इतकी प्रबळ की हेलिपॅड, हेलिपोर्ट आणि नुसता कॉप्टर हे शब्द इंग्रजीतच रूढ झाले आहेत. ते आता शुद्ध इंग्रजी शब्द आहेत आणि बिनदिक्कत वापरावेत. मूळ शोधताना मात्र त्यांच्यावर विसंबू नये.

रेघ योग्य जागी पडताच गट उघडतो. टेरोडॅक्टिल या 11 अक्षरी शब्दाच्या आरंभी तेच पी-टी-ई-आर आहे, फक्त पी मूक आहे. अर्थ 'पंख-बोट', कारण या नामशेष प्राण्याच्या पंखाचा पडदा एका लांबलचक बोटाने तोललेला असे. लेपिडॉप्टेरा म्हणजे खवल्यांच्या पंखांचे, अर्थात फुलपाखरे आणि पतंग. कोलिऑप्टेरा म्हणजे म्यानासारखे पंख असलेले भुंगेरे. हायमेनॉप्टेरा म्हणजे पातळ पडद्याच्या पंखांच्या मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या. डिप्टेरा म्हणजे दोनच पंखांच्या माश्या व डास. कायरॉप्टेरा म्हणजे हातच पंख झालेली वटवाघळे. या मुळाचे नाते संस्कृत 'पत्' म्हणजे उडणे या धातूशी आहे. पंख या अर्थाचा संस्कृत 'पत्र' शब्द त्याच घराण्यातला. एवढे लक्षात राहिले की गट पुन्हा पाठ करावा लागत नाही.

आता उजवे पान. अडॅप्टर आणि इंटरप्टर या शब्दांतही पी-टी-ई-आर आहे, पण तिथे पी-टी हा मुळाचा शेवट आहे आणि ई-आर हा कर्ता दाखवणारा प्रत्यय. मधली भिंत ओलांडून अक्षरे शेजारी आली, एवढेच.

तपासणी: प्रत्येक तुकड्याला स्वतःचा अर्थ सांगता येतो का? एकही तुकडा बिनअर्थाचा उरला आणि तो जोडस्वर नसेल, तर रेघ चुकली आहे.

## टप्पा 4: उपसर्गाचे बदललेले रूप ओळखणे

संस्कृतात सत् आणि जन मिळून सज्जन होतो, उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो. लॅटिन उपसर्गांचेही असेच होते आणि ज्याला व्यंजनसंधी येते त्याला हा टप्पा सोपा जातो. नकाराचा आय-एन हा एल पुढे आय-एल, आर पुढे आय-आर आणि एम, बी, पी पुढे आय-एम होतो: इल्लेजिबल, इर्रिस्पॉन्सिबल, इम्मेझरेबल. ए-डी चा डी पुढच्या व्यंजनासारखा होतो. एस-यू-बी चेही तेच.

याचा थेट उपयोग वर्णलेखनात होतो. अकॉमोडेशनमध्ये सी दोनदा की एकदा, एम दोनदा की एकदा, हा प्रश्न पाठांतराने सुटत नाही. शब्द कापला की सुटतो: ए-डी बदलून ए-सी झाले, पुढे सी-ओ-एम हा दुसरा उपसर्ग आणि मग एम-ओ-डी हे मूळ. सी दोन, कारण एक उपसर्गाचा आणि एक पुढच्या उपसर्गाचा. एम दोन, कारण एक उपसर्गाचा आणि एक मुळाचा. त्याच न्यायाने डिससॅटिस्फॅक्शनमध्ये डी-आय-एस नंतर दुसरा एस येतो, पण डिसअपॉइंटमेंटमध्ये एस एकच, कारण पुढचा शब्द ए पासून सुरू होतो. मिसस्पेलिंग या शब्दातला दुसरा एस गळतो तोही रेघ न मारल्यामुळेच.

ग्रीक नकार तर आपल्या ओळखीचाच आहे. आपल्याकडे व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्' येतो: अज्ञात, अनंत. ग्रीकमध्ये तसेच ए आणि ए-एन: अटिपिकल, असिमेट्रिकल, पण अनॉनिमस, अ‍ॅनस्थेशिया.

इशारा: आरंभीचे प्रत्येक ए-एन नकार नसते. अनॅलिसिस आणि अनॅटमी या शब्दांत ए-एन-ए हा तीन अक्षरांचा वेगळा उपसर्ग आहे. अनॅटमीत त्याला 'कापणे' हे मूळ जोडले आहे, म्हणून अर्थ चिरून पाहणे, आणि त्यावरून शरीररचनाशास्त्र.

## टप्पा 5: घुसखोर बाहेर काढणे

इथे घाई करू नये. सारख्या अक्षरांचे शब्द तीन प्रकारे फसवतात: दोन वेगळी मुळे हुबेहूब एकसारखी दिसतात, उपसर्ग आणि मूळ यांच्या सांध्यावर अक्षरे योगायोगाने जुळतात, किंवा एका उपसर्गाने दुसऱ्याचा वेष घेतलेला असतो.

पी-ई-डी. पेडेस्ट्रियन, क्वाड्रुपेड, एक्स्पिडिशन, इम्पेडिमेंट या शब्दांत लॅटिन पाऊल आहे, जे संस्कृत 'पद'चे सख्खे भावंड; इम्पेडिमेंट म्हणजे पायातली अडकण. सेस्क्विपिडेलियन म्हणजे 'दीड पावलाचा', आणि लांबलचक शब्दांसाठीच हा शब्द वापरतात. पण पीडियाट्रिशियन आणि एन्सायक्लोपीडिया यांत ग्रीक मूल आहे आणि त्यावरून शिक्षणही. ब्रिटिश वर्णलेखनात पीडियाट्रिशियनमध्ये पी नंतर ए-ई लिहितात, त्यामुळे तिथे फरक दिसतो. अमेरिकी वर्णलेखनात ए गळतो आणि दोन्ही गट एकरूप होतात. माझ्या वहीत ऑर्थोपीडिक हा शब्द बराच काळ पायाच्या गटात बसला होता, कारण हाडांच्या डॉक्टरांकडे लोक गुडघे आणि घोटे घेऊन जातात, हे सर्वांना माहीत असते. कोश उघडला तेव्हा कळले की त्याचे मूळ 'सरळ' आणि 'मूल' असे आहे. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने 1741 मध्ये मुलांच्या शरीरातील व्यंग सरळ करण्याच्या विद्येसाठी तो घडवला. अर्थ जुळतोसा वाटला की माणूस कोश उघडत नाही, म्हणून अशा ठिकाणीच तो अवश्य उघडावा.

टी-ई-आर-आर. सबटेरेनियन, मेडिटरेनियन, एक्स्ट्राटेरेस्ट्रियल यांत जमीन आहे. टेररिझम, टेरिफाय, डिटरन्ट यांत भय आहे. इंटरोगेशनमध्ये दोन्ही नाहीत. तिथे आय-एन-टी-ई-आर हा उपसर्ग आणि आर पासून सुरू होणारे 'विचारणे' हे मूळ शेजारी आले आहे.

टी-ओ-एम-वाय. वैद्यकीय शब्दांत ही चार अक्षरे शेवटी दिसली की 'कापणे' असे सरसकट सांगितले जाते. ट्रॅकिऑटमी म्हणजे श्वासनलिकेला छेद देणे, हे खरे. अपेंडेक्टमीमध्ये त्याच्या आधी ई-सी आहे, म्हणजे 'बाहेर'. म्हणून अर्थ आंत्रपुच्छ कापून काढून टाकणे. ट्रॅकिऑस्टमी आणि कोलॉस्टमीमध्ये मात्र मूळ एस-टी-ओ-एम आहे आणि त्याचा अर्थ मुख. म्हणजे बाहेर उघडणारे तोंड तयार करणे. नुसता छेद देणे, काढून टाकणे आणि तोंड उघडून ठेवणे या तीन भिन्न शस्त्रक्रिया आहेत, आणि वहीत त्यांची तीन वेगळी पाने हवीत.

ए-एन-टी-आय. अँटिसेप्टिक, अँटिबायोटिक यांत विरोध. ए-एन-टी-ई म्हणजे आधी: अँटिसिडेंट, अँटिडिलुव्हियन, म्हणजे जलप्रलयापूर्वीचे, यावरून अतिशय जुनाट. पण अँटिसिपेट आय ने लिहिला जात असला तरी तो 'आधी पकडणे' या घरचा आहे. त्याचा विरोधाशी काही संबंध नाही.

एच-ओ-एम-ओ. होमोजीनियस आणि होमोनिममध्ये ग्रीक 'समान', होमिसाइडमध्ये लॅटिन 'माणूस'. इथे चौथे अक्षर आय आहे, हीच खूण.

आय-एन. इन्फ्लॅमेबल हा शब्द जीवावर बेतू शकतो. त्यातला आय-एन नकाराचा नसून 'आत, मध्ये' या अर्थाचा आहे. पदार्थ सहज पेट घेणारा आहे असेच तो सांगतो. याच गैरसमजामुळे सुरक्षिततेच्या फलकांवर फ्लॅमेबल हा आखूड शब्द पसंत केला जातो. दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणाऱ्यासाठी नॉनफ्लॅमेबल. इन्व्हॅल्युएबलमध्ये आय-एन नकाराचाच आहे, तरीही अर्थ 'कवडीमोल' असा नाही. ज्याचे मोल करता येत नाही असे, म्हणजे अनमोल.

तपासणी: गटातील प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती कोशात प्रत्यक्ष पाहिली का? 'उघडच आहे' म्हणून सोडलेल्या शब्दांवर खूण करून ते आधी पाहावेत.

## टप्पा 6: रूप बदललेले सगेसोयरे आत घेणे

घुसखोर बाहेर काढले, तसे बाहेर राहिलेले घरचे लोक आत घ्यायला हवेत. संस्कृतातला वच् धातू 'वाक्' मध्ये एक रूप घेतो आणि 'उक्त' मध्ये दुसरे. अक्षरे पाहून ते एक आहेत असे कुणाला वाटणार नाही. एस-पी-ई-सी-टी म्हणजे पाहणे या गटात इंट्रोस्पेक्शन, रेट्रोस्पेक्टिव्ह, सर्कमस्पेक्ट हे सहज येतात. कॉन्स्पिक्युअस आणि पर्स्पिकेशस यांत मात्र ई ची आय झाली आणि टी गेला, म्हणून ते निसटतात.

'पकडणे' या अर्थाचे लॅटिन मूळ त्याहून अधिक रूपे घेते: सी-ए-पी, सी-ई-पी-टी, सी-आय-पी, आणि फ्रेंचमधून आलेले सी-ई-आय-व्ही. कॅप्टिव्हेट, रिसेप्शन, पार्टिसिपेशन, डिसीव्ह हे सारे एका घरचे. 14 अक्षरी ससेप्टिबिलिटीमध्ये चौथा आणि सहावा टप्पा एकत्र पाहायला मिळतो: एस-यू-बी चे एस-यू-एस झाले आहे आणि मूळ सी-ई-पी-टी या रूपात आहे.

पर्यायी रूपे गटाच्या शीर्षकाशेजारीच लिहावीत. त्यांच्यासाठी वेगळी पाने केली तर कुटुंब पुन्हा फुटते.

## टप्पा 7: शब्दशः अर्थ मागून पुढे जुळवणे

तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते. राजपुत्र हा पुत्रच असतो. बहुतेक लांब ग्रीक-लॅटिन शब्दांत तसेच आहे, म्हणून अर्थ शेवटच्या तुकड्यापासून सांगायला सुरुवात करावी. ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी हा 19 अक्षरांचा शब्द पाहावा. शेवट: शास्त्र. कशाचे? कान, नाक आणि स्वरयंत्र यांचे. तीन मुळे आणि एक उत्तरपद, बस्स.

उपसर्ग-प्रत्ययांचे थर अनेक असतील तर गाभ्यापासून बाहेर जावे. अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम हा 28 अक्षरांचा शब्द डावीकडून वाचला की 'विरोध' आणि 'न' यांचा गुंता होतो. गाभा आहे एस्टॅब्लिश, म्हणजे प्रस्थापित करणे. इथे इंग्लंडमधील चर्चला राज्याची मान्यता देणे. त्यावर डी-आय-एस: ती मान्यता काढणे. मग एम-ई-एन-टी लागून त्या कृतीचे नाम. मग ती कृती हवी असणारा माणूस. मग त्या माणसाचे मत. सर्वांत शेवटी ए-एन-टी-आय: त्या मताला विरोध. म्हणजे चर्चची राजमान्यता टिकवावी असे म्हणणारी भूमिका.

इशारा: प्रत्येक थरानंतर जो शब्द तयार होतो तो खरोखर अस्तित्वात असला पाहिजे. मधला एखादा शब्द कोशात नसेल तर थरांचा क्रम चुकला असण्याची शक्यता मोठी.

## टप्पा 8: आजचा अर्थ वेगळ्या रकान्यात लिहिणे

हृ या एकाच धातूपासून आहार, विहार, संहार आणि प्रहार होतात. तुकड्यांची बेरीज करून त्यांचे रूढ अर्थ कळत नाहीत. इंग्रजीतही तसेच. मॅन्युफॅक्चरमध्ये हात आणि करणे आहे, पण आज त्याचा अर्थ कारखान्यात यंत्राने बनवणे असा होतो. प्रिपॉस्टरसमध्ये 'आधी' आणि 'नंतर' यांची अदलाबदल आहे. आजचा अर्थ हास्यास्पद, अगदीच असंबद्ध. ऑस्पिशसमध्ये पक्षी पाहणे आहे, कारण पक्ष्यांवरून शकुन पाहत. आज अर्थ शुभ.

म्हणून आजचा अर्थ कोशातून घ्यावा, तुकड्यांतून काढू नये. तो पूर्ण मराठी वाक्यात लिहावा, शब्दाची जात नोंदवावी आणि शेवटच्या रकान्यात स्वतःचे एक इंग्रजी वाक्य रचावे. वाक्य रचता आले नाही तर अर्थ कळलेला नाही, असे मी समजतो.

ज्या जोड्यांत एक-दोन अक्षरांनी अर्थ उलटतो, त्या लाल शाईने लिहाव्यात. हायपरग्लायसीमिया म्हणजे रक्तातील साखर जास्त, हायपोग्लायसीमिया म्हणजे कमी. उपचार एकमेकांच्या विरुद्ध. पहिल्या उपसर्गाचे नाते संस्कृत 'उपरि'शी आणि दुसऱ्याचे 'उप'शी आहे. वर आणि खाली एवढे ठसले की गोंधळ होत नाही.

## टप्पा 9: उजळणी आणि अंतिम चाचणी

उजळणी उलट दिशेने करावी. शब्दाचा रकाना झाकून आजच्या अर्थावरून तुकडे आणि तुकड्यांवरून पूर्ण वर्णलेखन कागदावर लिहावे. तोंडी म्हणणे पुरेसे नाही, कारण मूक अक्षरे तोंडी उजळणीत हरवतात. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, पुढची आठवड्याने, त्यापुढची महिन्याने. चुकलेला शब्द नुसता दहा वेळा लिहू नये. कोणत्या सांध्यावर चुकला ते पाहून तिथली रेघ ठळक करावी.

चाचणीसाठी एक शब्द देतो: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. 45 अक्षरांचा हा शब्द 1935 मध्ये अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी लांबीसाठीच घडवला; अर्थ, ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिकाधुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. प्रत्यक्ष वैद्यकात सिलिकोसिस एवढाच शब्द वापरतात. शेवटचा ओ-एस-आय-एस हा विकार दाखवणारा प्रत्यय आधी काढावा, मग आरंभीचा मूक पी असलेला फुप्फुसाचा तुकडा. मधले अतिपलीकडे, सूक्ष्म, पाहणे, सिलिका आणि ज्वालामुखी हे तुकडे आता ओळखीचे वाटायला हवेत. अडेल तो सी-ओ-एन-आय. त्याचा अर्थ इथे सांगत नाही; न्यूमोकोनिओसिस हा 14 अक्षरांचा खराखुरा वैद्यकीय शब्द कोशात काढावा, त्याची व्युत्पत्ती पाहावी आणि वहीच्या नव्या पानावर सी-ओ-एन-आय हे शीर्षक घालून खाली हे दोन शब्द लिहावेत.